बसभाड्याचा रकाना

डोळ्यांच्या शिबिराला गोव्यात दाता मिळतो. रक्तदानाला मिळतो, डायलिसिसच्या यंत्राला तर नावाची पाटी लावून मिळतो. दातांसाठी पैसे मागायला गेलं की समोरचा माणूस आधी हसतो, मग स्वतःची एखादी किडलेली दाढ दाखवतो आणि शेवटी म्हणतो, "पण सर, दातदुखीनं कोण मरत नाही ना!" सत्तरी तालुक्यातल्या आमच्या लहानशा संस्थेनं शाळकरी मुलांच्या दातांसाठी एका धर्मादाय फाउंडेशनकडून अनुदान मिळवलं, त्याची ही हकीकत. मी दंतवैद्य नव्हे. प्राथमिक शाळेचा मुख्याध्यापक म्हणून निवृत्त झालो आणि गावच्या संस्थेचा सचिव झालो. म्हणजे अर्ज लिहायचे, सह्या गोळा करायच्या आणि कचेऱ्यांच्या पायऱ्या झिजवायच्या हे खातं आपोआप माझ्याकडे आलं. दातांचं जे काही ज्ञान या लेखात आहे ते वाळपईत दवाखाना चालवणाऱ्या आमच्या डॉक्टरचं. ती माझी जुनी विद्यार्थिनी. मी तिला अजून अगं-तूगं करतो, ती मला सर म्हणते, आणि बजेटवरून भांडताना दोघंही ते विसरतो.

शाळेत दंततपासणी होत नव्हती असं नाही. माझ्या नोकरीच्या काळात कितीतरी पथकं येऊन गेली. मुलांनी रांग लावायची, आ करायचा, कुणीतरी आत बघून आकडा सांगायचा, दुसऱ्यानं लिहायचा. ज्याच्या दाताला कीड त्याच्या हातात चिठ्ठी: दंतवैद्याकडे न्यावे. ती चिठ्ठी दप्तरात जायची. वर्षअखेरीला दप्तरं रिकामी करताना पुस्तकांच्या तळाशी, पेन्सिलीच्या भुश्शात, तीच चिठ्ठी घडी न मोडता सापडायची. पथकाच्या अहवालात मात्र तो मुलगा 'लाभार्थी' म्हणून कधीच जमा झालेला असे.

पालकांना दोष देऊन भागत नाही. मुलांचे दात दुधाचे, ते पडायचेच, मग त्यांच्यावर खर्च कशाला, हा हिशेब कुणालाही पटण्यासारखा आहे. घोटाळा होतो तो सहाव्या वर्षाच्या दाढेमुळे. पक्क्या दातांतली पहिली दाढ साधारण सहाव्या वर्षी येते आणि ती येताना एकही दुधाचा दात पडत नाही. दुधाच्या शेवटच्या दाढेच्या मागे, हिरडीतून ती गुपचूप वर येते. घरात कुणाला पत्ताच नसतो. नंतर ती किडली की "दुधाचीच आहे, पडेल" म्हणून सोडून देतात. ती पडत नाही. ती म्हातारपणापर्यंत पुरायची असते आणि दहाव्या-बाराव्या वर्षीच उपटायची पाळी येते. डॉक्टरनं हे पहिल्यांदा मला दाखवलं ते चौथीतल्या एका मुलाच्या तोंडात, टॉर्च धरून. दाढेच्या माथ्यावर खाचा असतात, त्या खाचांत एक तपकिरी रेघ होती, केसाएवढी. "सर, ही आज थांबवता येते. अजून दोन वर्षांनी हिच्यासाठी बांबोळीला जावं लागेल." बांबोळीला म्हणजे गोवा दंत महाविद्यालयात. १९८० पासून राज्यातलं ते एकमेव दंत महाविद्यालय. उपचार चांगले होतात. पण चोर्ला घाटाच्या पायथ्याच्या वाडीवरून तिथं पोचायचं म्हणजे वाळपईची बस, मग पणजीची, मग तिसरी, आणि आईचा एक रोज बुडालेला.

तर काम काय करायचं ते ठरलं होतं. सहा ते बारा वर्षांच्या मुलांची तपासणी, खाचांत सीलंट म्हणजे त्या बुजवणारा लेप, वर्षातून दोनदा फ्लोराइडचं वार्निश म्हणजे दात किडू नयेत म्हणून वरून लावायचा थर, आणि किडलेल्यांवर उपचार. पैसे कुठून आणायचे एवढाच प्रश्न होता.

इंटरनेटवर शोधायला बसलो तेव्हा वाटलं, दातांसाठी पैसे देणारे जगात ढिगानं आहेत. डॉक्टरनं तर मला इतिहासच ऐकवला. कोडॅक कॅमेऱ्याच्या जॉर्ज ईस्टमननं आपल्या रॉचेस्टर गावी मुलांसाठी दातांचा दवाखाना काढून दिला आणि पुढं लंडन, रोम, पॅरिस, ब्रसेल्स, स्टॉकहोम इथंही पैसे दिले. आपल्याकडे कलकत्त्याला डॉ. रफिउद्दीन अहमद यांनी १९२० साली देशातलं पहिलं दंत महाविद्यालय सुरू केलं, तेही कुणा धनिकाच्या देणगीची वाट न पाहता. त्यासाठी त्यांनी 'न्यूयॉर्क सोडा फाउंटन' नावाचं दुकान चालवलं. गोड सोडा विकून दातांचं कॉलेज! मला हे फारच आवडलं. डॉक्टर म्हणाली, "सर, आपण काजूच्या चिकीचं दुकान काढूया का?"

थट्टा बाजूला ठेवून याद्या केल्या तेव्हा चित्र वेगळं निघालं. परदेशी दंतसंस्थांच्या फाउंडेशनांचे बरेचसे पैसे त्यांच्याच देशातल्या विद्यार्थ्यांना, संशोधकांना आणि दवाखान्यांना जातात. बाहेरच्यांना देणारी जी थोडी आहेत त्यांच्या वाटेत आपला परकीय देणग्यांचा कायदा उभा आहे. त्याखाली नोंदणी हवी असेल तर संस्था तीन वर्षं जुनी हवी आणि त्या तीन वर्षांत मूळ कामावर पंधरा लाख रुपये खर्च झालेले हवेत. २०२० च्या दुरुस्तीनंतर तर पैसे दिल्लीतल्या स्टेट बँकेच्या मुख्य शाखेतल्या खात्यातच यायला हवेत, आणि एका संस्थेनं घेतलेला परकीय पैसा दुसऱ्या संस्थेला देता येत नाही. म्हणजे मोठ्या संस्थेच्या पदराखाली राहून थोडे पैसे घेऊ, हा रस्ताही बंद. पंधरा लाखांचा आकडा ऐकून आमचे खजिनदार, ज्यांची वहीच शिगम्याच्या वर्गणीवर तयार झालेली, नुसते बघत राहिले. परदेश तिथंच सुटला.

मग कंपन्या. कंपनी कायद्याचं कलम १३५ आता खेड्यातल्या सचिवांनाही पाठ झालंय: ठरावीक मर्यादेवरच्या कंपनीनं तीन वर्षांच्या सरासरी नफ्याचे दोन टक्के समाजकार्यावर घालायचे. प्रतिबंधक आरोग्यसेवा त्याच्या यादीत आहे, दात त्यात बसतात. एका कारखान्याच्या अधिकाऱ्यानं आम्हाला चहा पाजून, नीट बसवून ऐकून घेतलं. त्यांची तयारी होती ती २० मार्चच्या जागतिक मौखिक आरोग्य दिनाला एक शिबिर, प्रत्येक मुलाला ब्रश-पेस्ट आणि कंपनीचं नाव छापलेली पिशवी, एवढ्याची. ब्रश आणि फ्लोराइडची पेस्ट याला मी नावं ठेवत नाही. रात्री झोपताना वाटाण्याएवढी पेस्ट लावून दात घासणं हाच सगळ्याचा पाया आहे असं डॉक्टरही सांगते. पण मुलाच्या दाढेला भोक पडलंय आणि आपण त्याला पिशवी देऊन फोटो काढतोय, हे मला जमलं नसतं. नाही म्हटलं. अधिकाऱ्यालाही वाईट वाटलं असावं, कारण त्यानंच जाताना मुंबईतल्या एका फाउंडेशनचं नाव सुचवलं. ते खासगी धर्मादाय फाउंडेशन आहे, दंतशिक्षण, संशोधन आणि मौखिक आरोग्यसेवा या तीन सदरांखाली अनुदानं देतं. नाव इथं घालत नाही. पुढं मी त्यांच्याबद्दल चांगलं-वाईट दोन्ही लिहिणार आहे आणि अजून त्यांच्याकडे जाणं-येणं आहे.

अर्ज ऑनलाइन. पहिल्याच पानावर गाडी अडली. 'धर्मादाय आयुक्तांकडील नोंदणी क्रमांक' हा रकाना भरल्याशिवाय पुढचं पान उघडेना. गोव्यात धर्मादाय आयुक्त नाहीत. महाराष्ट्राचा सार्वजनिक न्यास कायदा इथं लागू नाही. आमच्यासारख्या संस्था १८६० च्या संस्था नोंदणी कायद्याखाली नोंदवल्या जातात, आणि देवस्थानांचं खातं तर आणखी निराळं, त्यांना पोर्तुगीज अमदानीतला १९३३ चा नियम आणि वर मामलेदार. फाउंडेशनच्या कचेरीत फोन केला तर पलीकडच्या मुलीला हे पटेचना. "सर, प्रत्येक ट्रस्टला तो नंबर असतोच." शेवटी नोंदणीच्या दाखल्याची प्रत आणि एक पानाचं पत्र पाठवलं, तेव्हा त्यांनी तो रकाना आमच्यापुरता सैल केला. गोव्यातून मुंबईकडे अर्ज करणाऱ्या कुणालाही हे भोगावं लागणार. ते पत्र आधीच तयार ठेवा.

बाकी कागद सगळीकडे असतात तेच: घटना, पॅन, आयकराची १२एबी आणि ८०जी ही दोन प्रमाणपत्रं, नीती आयोगाच्या दर्पण पोर्टलवरचा क्रमांक, तीन वर्षांचे लेखापरीक्षित ताळेबंद, कार्यकारिणीचा ठराव, रद्द केलेला धनादेश. ठरावाच्या सह्यांसाठी मी केरीपासून गुळेलीपर्यंत फिरलो. एवढं सांगून हा विषय संपवतो.

खरा अर्ज म्हणजे प्रस्ताव. तो डॉक्टरनं आणि मी मिळून लिहिला आणि सुरुवात केली ती जगापासून. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२२ च्या अहवालाप्रमाणे जगात साडेतीन अब्ज लोकांना तोंडाचा काही ना काही विकार आहे, आणि पन्नास कोटींहून जास्त मुलांच्या दुधाच्या दातांत कीड आहे. मोठा भारदस्त परिच्छेद झाला होता. प्राथमिक छाननीतून अर्ज वर सरकला आणि व्हिडिओ कॉलवर एक निवृत्त प्राध्यापिका आल्या. दंतवैद्यकातच सार्वजनिक आरोग्य शिकवलेल्या, बोलायला एकदम मऊ. म्हणाल्या, "मास्तर, जगाचं मला ठाऊक आहे. तुमच्या गावाचं सांगा. मुलाच्या दाताला कीड सापडली. तुम्ही चिठ्ठी दिलीत. पुढं?"

पुढं उपचार, असं आम्ही लिहिलं होतंच. त्या म्हणाल्या, "कुठं? कोण नेणार? कधी नेणार? पहिल्या खेपेला दाढ भरली नाही तर दुसऱ्या खेपेला कोण नेणार?"

दप्तराच्या तळाशी सापडणाऱ्या चिठ्ठ्यांचं मी त्यांना सांगितलं. त्यांनी ते लिहून घेतलं आणि म्हणाल्या, "मग हेच प्रस्तावात पहिल्या परिच्छेदात घाला. आणि बजेटात चिठ्ठीनंतरचे पैसे दाखवा. मला इथं पोर्टेबल खुर्ची दिसते, हत्यारं निर्जंतुक करायचा ऑटोक्लेव्ह दिसतो, छपाई दिसते. आईचं बसभाडं कुठंय?"

माझ्या दृष्टीनं या सगळ्या प्रकरणातला हा सर्वांत मोलाचा अर्धा तास. अनुदान मिळालं नसतं तरी तो प्रश्न कामाला आला असता.

पण प्राध्यापिका वेगळ्या आणि फाउंडेशनचा हिशेब विभाग वेगळा. आम्ही बजेट पुन्हा केलं आणि 'उपचारासाठी मूल व पालक यांचा प्रवास' अशी ओळ घातली. हिशेब विभागाच्या नमुन्यात 'प्रवास' हा शब्द एकाच ठिकाणी होता, प्रशासकीय खर्चात. तो म्हणजे कर्मचाऱ्यांचा प्रवास. प्रशासकीय खर्चाला दहा टक्क्यांची मर्यादा. मुलांचं बसभाडं त्यात टाकलं की मर्यादा ओलांडते, आणि अर्ज आपोआप परत येतो. मी दहा टक्क्यांच्या विरोधात नाही, लोकांचे पैसे मधल्यामध्ये खाणाऱ्या संस्था मी पाहिल्यात. पण वाडीवरून दवाखान्यात येणाऱ्या पोराचं तिकीट म्हणजे आमच्या कचेरीचा चहा नव्हे. खुर्ची घ्यायला त्यांची तयारी होती, हवी तर आणखी एक. खुर्चीवर पाटी लावता येते. बसच्या तिकिटावर कशी लावणार?

यावर जो पत्रव्यवहार झाला तो सगळा सांगत नाही. 'थेट लाभार्थी खर्च' असं नवं सदर काढून त्यात प्रवास घालायचा, ही वाट शेवटी प्राध्यापिकांनीच काढून दिली. बुडालेला रोज भरून द्यायला मात्र साफ नकार, लाभार्थीला रोख रक्कम द्यायची नाही असा त्यांचा नियम. त्याला डॉक्टरनं तोड काढली. आठवडी बाजाराच्या दिवशी वाडीवाडीवरून बायका वाळपईला येतातच, भाजी-मिरच्या विकायला नाहीतर घ्यायला. त्या दिवसाची सकाळ तिनं या मुलांसाठी राखून ठेवली. आईचा बाजारही होतो, पोराची दाढही होते. काजूच्या दिवसांत मात्र हेही चालत नाही. मार्च ते मे कुणी बागायत सोडून येत नाही, म्हणून त्या महिन्यांत उपचाराचं वेळापत्रकच ठेवलं नाही. मुंबईच्या आर्थिक वर्षाला हे समजावणं सोपं नव्हतं: त्यांचं वर्ष संपतं मार्चला, आमची शाळा उघडते जूनला, आणि गणेश चतुर्थीच्या सुट्टीआधी पालकांची संमतीपत्रं गोळा होत नाहीत.

मधे एक भांडण झालं, आमच्या दोघांचंच. फाउंडेशनचं संशोधनाचं सदर जास्त श्रीमंत. डॉक्टरला वाटलं, हेच काम संशोधन म्हणून मांडावं, शोधनिबंधही होईल. तिचं म्हणणं खोटं नव्हतं. गोव्याच्या खेड्यातल्या मुलांच्या दातांची नीट, मोजून घेतलेली नोंद उपयोगाचीच आहे. पण संशोधनाला तुलनेचा गट हवा. म्हणजे निम्म्या शाळांत वार्निश लावायचं, निम्म्यांत नाही. मी म्हटलं, "ज्या शाळेत लावायचं नाही तिथं तू जाऊन सांग, मी जाणार नाही." ती म्हणाली, "सर, त्या शाळांना एक वर्षानंतर लावता येतं, तशी पद्धत आहे." मी म्हटलं, एक वर्षात सहा वर्षांचं पोर सात वर्षांचं होतं आणि दाढ थांबत नाही. पुढं तिनंच नियम वाचले: अशा चाचणीची पहिलं मूल घेण्याआधीच राष्ट्रीय नोंदवहीत नोंदणी करावी लागते, संशोधनाची नैतिक बाजू तपासणाऱ्या नीतिसमितीची मान्यता लागते, पालकांच्या संमतीशिवाय सात वर्षांवरच्या मुलाचा स्वतःचा होकारही लागतो. शेवटी तडजोड झाली. काम सेवेच्या सदराखाली, सगळ्या शाळांना सारखं. सुरुवातीची आणि वर्षानंतरची नोंद मात्र शास्त्रशुद्ध, नीतिसमितीकडून मंजूर करून घेतलेली. मुलाचा होकार विचारायची पद्धत आम्ही ठेवली. एका मुलीनं सरळ "नको" म्हटलं आणि तिला सोडलं. पुढच्या खेपेला ती स्वतः येऊन खुर्चीवर बसली.

शास्त्रशुद्ध म्हणजे काय, हे मला तेव्हा कळलं. डॉक्टर आणि तिची सहकारी यांनी तीच मुलं वेगवेगळी तपासली, एकीनं काय लिहिलं ते दुसरीला न दाखवता, आणि मग दोन्ही कागद शेजारी ठेवले. एकीला जी कीड वाटली ती दुसरीला नुसता डाग वाटलेली. मग दोघी त्या एका दाढेवर पाऊण तास. टोकदार सुई खुपसायची नाही, तिनं नाजूक झालेला भाग फुटतो. टोकाला बारीक गोळी असलेली सळई हलके फिरवायची, दात आधी पुसून कोरडा करायचा, उजेड तिरका धरायचा. दोघींचं मत जुळेपर्यंत एकही आकडा अहवालासाठी घेतला नाही. शाळेत येणाऱ्या जुन्या पथकांचे आकडे मला आठवले आणि ते कसे निघत असतील याची कल्पना आली.

फाउंडेशनचे दोघे जण पाहणीला आले पावसात. म्हादईला लोट होता, रस्त्यावर झाड आडवं. त्यांना शाळा दाखवली, मुलांनी वेलकम गीत म्हटलं (मी नको म्हटलं होतं, पण बाई ऐकतात थोड्याच). त्यांना ऑटोक्लेव्हची वीज कुठून, कचरा कुठं जातो, औषधं कुणाच्या कुलपात, हे विचारायचं होतं. चांगले प्रश्न होते. महिन्याभरानं करार आला. पहिला हप्ता निम्मा, बाकीचा खर्चाचं प्रमाणपत्र दिल्यावर.

कामाबद्दल लिहायचं तर एक वेगळा लेख होईल. पण सिल्व्हर डायमाइन फ्लोराइडचं सांगायलाच हवं, कारण ते प्रस्तावात एक ओळ होतं आणि गावात मोठा विषय झालं. या पातळ औषधाचा एक थेंब कीड लागलेल्या जागी लावला की कीड बहुतेक तिथंच थांबते. यंत्र नको, सुई नको. २०२१ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनं त्याला अत्यावश्यक औषधांच्या यादीत घेतलं. एकच गोष्ट: किडलेला भाग कायमचा काळा पडतो. कुळकुळीत काळा. संमतीपत्रासोबत आम्ही काळ्या पडलेल्या दाताचा रंगीत फोटो जोडला. फाउंडेशनच्या जनसंपर्कवाल्यांना तो फोटो आवडला नाही, पण डॉक्टर हटली नाही. एक आई फोटो हातात धरून बराच वेळ बघत राहिली. मग म्हणाली, "मागच्या दाढेला लावा, बाय. पुढच्याला नको, पोरगी हसायची बंद होईल." अगदी तेच ठरलं: मागं हा थेंब, पुढच्या दातांना हातानंच कीड खरवडून काढून दाताच्या रंगाचं ग्लास आयनोमर सिमेंट भरायचं. त्यालाही वीज लागत नाही. दोन्हींची किंमत प्रस्तावात वेगळी नव्हती, म्हणून सिमेंट जास्त लागलं आणि त्या फरकाचा खुलासा मला दोन पानं लिहावा लागला.

खुलासे हा अनुदानाचा उत्तरार्ध असतो. दर तीन महिन्यांनी अहवाल. फोटो हवे, तेही ठिकाण-वेळ उमटलेले. घाटाखालच्या शाळेत मोबाइलला रेंज नाही, तर ठिकाण उमटणार कसं? शिवाय त्यांना उपचाराआधी आणि नंतर अशा, चेहऱ्यासकट, मुलांच्या 'यशोगाथा' हव्या होत्या. तोंड उघडून ठेवलेल्या गरीब घरच्या मुलाचा चेहरा कुणाच्या वार्षिक अहवालात छापून यावा असं मला वाटत नाही. मी फक्त दातांचे जवळून घेतलेले फोटो पाठवले, चेहरा नाही, नाव नाही. करारात चेहऱ्याचा उल्लेख नव्हता, तेव्हा त्यांना मान्य करावं लागलं. करार सही करण्याआधी वाचायचा असतो तो यासाठी.

बसभाड्याचा हिशेब मात्र आमच्या सीएनं सांभाळला. कदंबाच्या, म्हणजे गोव्याच्या सरकारी बसच्या, तिकिटाचा कागद उष्णतेनं छापणारा असतो, ऑडिट येईपर्यंत त्यावरची अक्षरं उडून पांढरा कपटा उरतो. "सर, तिकीट हातात आलं त्याच संध्याकाळी झेरॉक्स," हा त्याचा हुकूम. खासगी बसवाला तिकीट देतोच असं नाही. तिथं छापील व्हाउचर, गावाचं नाव, भाडं, पालकाची सही नाहीतर अंगठा, आणि शाळेच्या शिक्षिकेची साक्ष. या व्हाउचरांची फाइल खुर्चीच्या बिलापेक्षा जाड झाली. पाहणीच्या ऑडिटरनं पहिल्यांदा तीच मागितली आणि एकेक अंगठा बघत बसला. एकही खर्च त्यानं कापला नाही.

वर्षअखेरचा अहवाल देताना आम्ही 'तपासलेली मुलं' हा आकडा दुसऱ्या पानावर टाकला. पहिल्या पानावर एकच गोष्ट: चिठ्ठी मिळालेल्यांपैकी किती जणांचे उपचार पूर्ण झाले, आणि न झालेल्यांचं कारण गाववार काय. कारणांत 'बस बंद' होतं, 'घरात लग्न' होतं, 'मूल घाबरलं' होतं, 'पत्ता बदलला' होतं. तपासलेल्यांचा आकडा इतर संस्थांच्या मानानं लहानच दिसला असणार, कार्यक्रम अधिकाऱ्यानं तसं हळूच सुचवलंही. प्राध्यापिकांनी मात्र फोन करून गाववार कारणांचा तक्ता मागून घेतला.

दुसऱ्या वर्षाचं अनुदान मंजूर झालंय, वाढीव भाड्यासकट. एक मागणी नाकारली गेली. मुलांना घेऊन येणाऱ्या आया आणि आज्या यांच्यातल्या बऱ्याच जणी मशेरी लावतात. गालाच्या आत पांढरे चट्टे घेऊन त्या बाकावर बसून राहतात आणि पोराचं झालं की उठून जातात. डॉक्टर त्यांना तसं जाऊ देत नाही, टॉर्च घेऊन बघतेच, आणि कर्करोगाचा संशय आला तर बांबोळीला पाठवते. त्यांचंही बसभाडं आम्ही मागितलं होतं. फाउंडेशनचं उत्तर: वयोगट सहा ते बारा, त्याबाहेर नाही. त्यांच्या नियमाप्रमाणे ते बरोबरच आहे. तंबाखूच्या सदराखाली पैसे देणारा दुसरा एक ट्रस्ट सापडलाय, त्याची मुदत या महिन्याअखेर आहे. ताळेबंद सीएकडे आहे, ठरावावर अजून दोन सह्या बाकी आहेत आणि चट्टे असलेल्या बायकांची गाववार यादी डॉक्टरनं काल रात्री पाठवली.